‘धाबं पाडा, पत्रे टाका’ : हा सल्ला कुठे चुकतो

धाब्याचं, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेल्या सपाट छपराचं, जुनं घर असलेल्यांना हा सल्ला एव्हाना कुणी ना कुणी दिलेला असतो, मोबाइलवरही तो फिरतो आहे : ‘धाबं पाडा, रंगीत पत्रे टाका. रंगीत पत्रा तापत नाही. वजनाला हलका, त्यामुळे धोका नाही. ३० वर्षं बघायला नको. धाबं काय, कितीही केलं तरी गळणारच.’ पत्र्याला आमचा विरोध नाही. पण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात नुसता पत्रा डोक्यावर घेणं म्हणजे काय, हे पहिली कुदळ मारण्याआधी कळलेलं बरं.

‘रंगीत पत्रा तापत नाही’

तापतो. हवा ४५ अंशांवर असताना गडद निळा, लाल किंवा हिरवा पत्रा भर दुपारी ६५-७० अंशांवर जातो. पांढरा त्यातल्या त्यात कमी तापतो. अर्ध्या मिलिमीटरचं पोलाद उष्णता अडवत नाही. वरचं ऊन काही मिनिटांत खालच्या बाजूला येतं आणि तिथून थेट अंगावर उतरतं. धाब्यात १५-२० सेंटिमीटर मातीतून ऊन खाली यायला कित्येक तास लागतात. दुपारची झळ आत पोहोचते तेव्हा दिवस मावळलेला असतो आणि घरातल्या खाटा धाब्यावर गेलेल्या असतात.

पत्र्याची एक गोष्ट खरी, रात्री तो लगेच निवतो. म्हणून पत्रा घालायचाच तर पांढरा घ्या आणि त्याखाली छत करा. दोन्हींच्या मध्ये निदान ३० सेंटिमीटर पोकळी ठेवा आणि समोरासमोरच्या भिंतींत जाळीचे झरोके ठेवा, म्हणजे कोंडलेली गरम हवा निघून जाईल. चंदेरी फॉइल पत्र्याला चिकटवून काही उपयोग नाही. तिच्या चकचकीत बाजूसमोर किमान २५ मिलिमीटर मोकळी हवा लागते.

‘हलका, म्हणून धोका नाही’

आपल्याकडे हलकेपणाचाच धोका आहे. मे-जूनमध्ये रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारा वारा पत्र्याला दाबत नाही, वर ओढतो. ताशी १०० किलोमीटरच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ओढ याहूनही जास्त बसते. १० बाय १२ फुटांच्या खोलीवर ही ओढ ५०० किलोच्या पुढे जाते, आणि पत्रे व लोखंडी पाइप मिळून वजन असतं जेमतेम शंभर-सव्वाशे किलो. वर ठेवलेले दगड अशा वेळी पत्र्यासोबत उडतात आणि माणसांवर पडतात. कृपा करून पत्र्यावर दगड ठेवू नका.

छप्पर भिंतीला बांधलेलं हवं. विटांच्या भिंतीच्या माथ्यावर चार सळयांचा सलग काँक्रीट पट्टा ओतावा, त्यातच १२ मिलिमीटरचे बोल्ट सोडावेत आणि पाइपाला जोडलेली लोखंडी पट्टी त्यांना कसावी. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही. तिथे पायापासून उभे खांब घेऊन भार आणि ओढ दोन्ही त्यांच्यावर द्यावी लागते. हा खर्च ‘पत्रा स्वस्त’ म्हणणाऱ्याच्या हिशेबात नसतो. आडवे पाइप साधारण १.२ मीटरवर, कडेला त्याहून जवळ घ्या.

‘३० वर्षं बघायला नको’

पत्रा एखादवेळी टिकेल, स्क्रूखालचा रबरी वॉशर तेवढा टिकत नाही. स्क्रू जास्त आवळला की वॉशर चिरतो, कमी आवळला की पाणी शिरतं. स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर मारावा, खोलगट भागात नाही. पत्रा ग्राइंडरने कापला तर कडेचा थर जळतो आणि उडालेल्या ठिणग्यांचे गंजके ठिपके पडतात. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापा. भिंत आणि पत्रा यांच्यातली फट सिमेंटने बुजवू नका : ओलं सिमेंट जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा थर खातं, आणि उन्हाने पत्रा वाढला-आकसला की ते सुटतं. तिथे पत्र्याचीच पट्टी वाकवून बसवावी लागते.

विकत घेताना पत्रा वजन करून घ्या. १२२० मिलिमीटर रुंद कॉइलमधून (सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून) घडवलेला, एकूण ०.५० मिलिमीटर जाडीचा १२ फुटी पत्रा साडेसोळा-सतरा किलो भरतो. साडेअकराच्या आसपास भरला तर तो ०.३५ चा आहे, पावतीवर काहीही लिहिलेलं असो.

‘धाबं गळणारच’

धाबं गळतं त्याला कारणं असतात : उतार मोडलेला, पाणी बाहेर टाकणारी पन्हळ तुंबलेली, उंदरांनी पोखरलेलं, किंवा वर काळी माती टाकलेली. काळी माती वाळली की भेगाळते. खारी माती चालते ती तिच्यातल्या क्षारांमुळे. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात आणि पाणी वरूनच वाहून जातं.

मेच्या अखेरीस गवत मुळासकट काढा, जुनी सुटी माती खरवडा, मग खारीचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्या. पन्हळीकडे दर मीटरला अडीच सेंटिमीटर उतार ठेवून चोपा. पन्हळ भिंतीच्या बाहेर फूटभर तरी हवी. पहिल्या सरीनंतर वर चढून पडलेल्या भेगा बुजवा. खरवडणं चुकवू नका : अडीच सेंटिमीटर मातीचं वजन दर चौरस मीटरला चाळीसेक किलो, आणि दरवर्षी नुसती भर घालत गेलं की दहा वर्षांत तुळया वाकतात. वर सिमेंटचा कोबा किंवा प्लास्टिक घालणं त्याहून वाईट. आत शिरलेली ओल कोंडते आणि लाकूड कुजतं.

धाबं पाडायचं की ठेवायचं, हे लाकूड बघून ठरवा. तुळया आणि कड्या (तुळयांवरची आडवी लाकडं) हातोडीने वाजवा, भिंतीत शिरलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचा. आवाज पोकळ आला किंवा स्क्रूड्रायव्हर सेंटिमीटरभर सहज आत गेला तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजलं आहे. एखाददुसरी कडी असेल तर बदलता येते. मुख्य तुळईच गेली असेल तर धाबं उतरवावंच लागेल, पण आधी खालून टेकू द्या, मग माती दोन्ही बाजूंनी सारखी काढा, आणि ती पूर्ण उतरेपर्यंत त्या खोलीत कुणाला जाऊ देऊ नका.