ते 44 ग्रॅम कुठे गेले?

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला पंधरा दिवस लावले, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. तुमचे दोन मुद्दे पटले होते, आणि पटले हे स्वतःशी कबूल करण्यातच निम्मे दिवस गेले.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या काही विद्यार्थ्यांनी अभ्यास मंडळाला अर्ज दिला होता: शाश्वत विकासावर नवा विषय नको, पण आहेत त्या विषयांतली उदाहरणं आणि गणितं बदला. मी त्याचं कौतुक केलं होतं. सरांनी त्यावर चार आक्षेप घेतले. एक, ज्याला विषय अजून शिकायचाय तो काय शिकवावं हे कसं ठरवणार? दोन, असल्या प्रयत्नांतून शेवटी एक पेपर वाढतो आणि घोकंपट्टी. तीन, मुलं तीन-चार वर्षांत निघून जातात, मागे निस्तरायला प्राध्यापक उरतात. चार, हे शिक्षण नसून चळवळ आहे.

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथे आपलं भांडणच नाही. भारतात पर्यावरणाचा अभ्यास सक्तीचा झाला तो वरून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सगळ्या शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आणला. हेतू चांगलाच होता. पण तो पेपर मुलं कशी लिहितात हे तुम्ही तपासलंय, मीही तपासलंय. ओझोनच्या थरावर पाच ओळी, ध्वनिप्रदूषणावर पाच ओळी, आणि विषय सुटला. बार्सिलोना विद्यापीठात 2022 मध्ये विद्यार्थ्यांनी सात दिवस ठाण मांडलं, तेव्हा विद्यापीठाने हवामान संकटावरचा विषय सगळ्यांना सक्तीचा करायचं मान्य केलं. ती बातमी वाचून मलाही आनंद झाला होता. आता वाटतं, मागणी विद्यार्थ्यांची असली तरी वळण तेच घेतलं: एक डबा आणखी जोडला, गाडीची दिशा होती तीच.

आमच्या मुलांचा अर्ज मला आवडला तो याचसाठी. त्यातली एक ओळ अशी होती: ‘पहिलं सत्र, रसायनशास्त्र, गणित क्रमांक 4.’ बस, एवढंच. हे गणित तुम्हीही घातलं असणार. 100 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट तापवलं तर कळीचा चुना किती मिळेल? उत्तर 56 ग्रॅम. उरलेल्या 44 ग्रॅमच्या कार्बन डायऑक्साइडपुढे वर जाणारा बाण काढायचा आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. चौदा वर्षं मी तो बाण फळ्यावर काढतोय.

मुलांचं म्हणणं होतं, गणित इथे संपवू नका. सिमेंटच्या भट्टीतून जे क्लिंकर (जे दळून सिमेंट होतं) बाहेर पडतं त्यात साधारण 65 टक्के कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे तोच कळीचा चुना, असतो. म्हणजे एक टन क्लिंकरमागे 650 किलो. आता तेच 56 ला 44 चं प्रमाण लावा: सुमारे 510 किलो कार्बन डायऑक्साइड, तोही नुसत्या चुनखडीच्या दगडातून, म्हणजे त्या कॅल्शियम कार्बोनेटमधून, सुटलेला. इंधनाचा धूर यात धरलेलाच नाही. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, भट्टी विजेवर चालवली तर?’ चालवा, सूर्यावर चालवा, हे 510 किलो सुटणारच. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के का आहे आणि तो नुसतं इंधन बदलून का उतरत नाही, हे पहिल्या सत्राच्या मुलाला दहा मिनिटांत कळतं. त्याला वेगळा पेपर लागत नाही, वेगळा प्राध्यापक लागत नाही, आणि मूळ गणितही सुटतं.

इथेच तुमच्या पहिल्या आक्षेपाचं उत्तर आहे असं मला वाटतं. मला रसायनशास्त्र त्या मुलीपेक्षा नक्कीच जास्त येतं. तरी हा प्रश्न मला चौदा वर्षांत पडला नाही, कारण माझ्या हिशेबी सिमेंट हा स्थापत्यवाल्यांचा विषय. स्थापत्यवाल्यांच्या हिशेबी भट्टीतलं रसायन आमचं. अर्थशास्त्राचे लोक दोघांकडे बघतही नाहीत. विद्यार्थी मात्र सकाळी एका इमारतीत बसतो, दुपारी दुसऱ्या. आमच्या हद्दी रोज ओलांडणारा तो एकटाच. म्हणून दोन विषयांच्या मधली फट त्याला दिसते. ती कशी भरायची हे त्याने ठरवावं असं मी म्हटलेलं नाही. ते काम आपलंच.

तिसरा मुद्दा मात्र मान्य, आणि तोही स्वतःच्या अनुभवावरून. शिकत असताना आम्ही सहा जणांनी ऊर्जा आणि पर्यावरणावर संध्याकाळची व्याख्यानमाला सुरू केली होती. दुसऱ्या वर्षी खोलीत बसायला जागा नसायची, मुलं खिडक्यांत बसायची. मग शेवटचं सत्र आलं आणि सगळे पांगले. वक्त्यांचे पत्ते, टिपणं, पुढच्या वर्षाचं वेळापत्रक, सगळं एकाच्या ईमेल खात्यात होतं, आणि तो पासवर्डसकट परदेशी गेला. पुढच्या वर्षी कुणीतरी दारावर एक कागद चिकटवला, ‘व्याख्यान रद्द’. तो कागद बरेच दिवस तसाच होता. त्यानंतर ते रद्द करायलाही कुणी उरलं नाही.

म्हणूनच मला स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची गोष्ट महत्त्वाची वाटते. मागच्या लेखात मी ती एका वाक्यात उरकली, ती चूक झाली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या विद्यार्थ्यांनी कुलगुरूंना गाठून निसर्ग आणि माणूस यांच्या नात्यावर एक अभ्यासक्रम सुरू करायला लावला. पहिला वर्ग 1992 मध्ये भरला आणि त्यातूनच पुढे सेमुस नावाचं केंद्र उभं राहिलं. आज ते उप्साला विद्यापीठ आणि स्वीडिश कृषी विद्यापीठ मिळून चालवतात. अभ्यासक्रमाची आखणी, वक्ते बोलावणं, चर्चासत्रं घेणं ही कामं तिथे विद्यार्थीच करतात, पण त्यांची रीतसर नेमणूक होते आणि त्यांना पगार मिळतो. सोबत जाणत्या संशोधक-शिक्षकांचा गट असतो, तो आराखडा पाहतो आणि खोडतोही. माणसं येतात-जातात, पद राहतं. म्हणूनच पहिली मुलं केव्हाच पदवी घेऊन गेली तरी केंद्र तीस वर्षांनंतरही सुरू आहे. आमच्या व्याख्यानमालेत उत्साह यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. पद नव्हतं, मानधन नव्हतं, कपाटाची एक किल्लीसुद्धा नव्हती. तेव्हा मुलं निघून जातात हा आक्षेप मी मुलांवर न ठेवता त्यांना फुकट राबवून घेणाऱ्या विद्यापीठांवर ठेवीन.

राहिला चळवळीचा मुद्दा. तुम्ही फ्रान्सचं उदाहरण दिलंत. 2018 मध्ये तिथे तीस हजारांवर विद्यार्थ्यांनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि प्रदूषण करणाऱ्या कंपन्यांत नोकरी कशाला करायची असा सवाल केला. हो, ती चळवळच होती, मी ती शिक्षण म्हणून खपवणार नाही. पण 2014 चं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचं खुलं पत्र आठवा. तीस देशांतल्या 65 संघटनांनी ते काढलं. ‘आमचंच मत शिकवा’ असं त्यात कुठे आहे? एकाऐवजी अनेक विचारपंथ शिकवा, इतकीच मागणी आहे. हे का हवं, त्याचं एक उदाहरण घ्या. शंभर वर्षांनंतर होणाऱ्या हजार रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत वर्षाला 5 टक्के दराने वजावट करून काढली तर साडेसात-आठ रुपये येते, 1.4 टक्क्यांनी काढली तर जवळजवळ अडीचशे. हवामान बदलाच्या हिशेबात दर कोणता घ्यायचा यावर स्टर्न आणि नॉर्डहाउस या अर्थशास्त्रज्ञांत चांगलाच वाद झाला. आपल्या पुस्तकांत मात्र दर दिलेला असतो आणि मुलाने फक्त भागाकार करायचा असतो. तो दर आला कुठून, हे विचारणं प्रचार असेल तर दर छापून देणं काय आहे?

जाता जाता तुमच्या शेवटच्या खोचक प्रश्नाबद्दल. अर्जाचं पुढे काय झालं, असं विचारलंत. मागच्या बैठकीत तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात शेवटी आला. तेव्हा चहा येऊन गेला होता, दोन सदस्य पिशव्या आवरत होते, आणि ‘पुढे पाहू’ असं ठरलं. काल पुढच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका हाती पडली. गणित क्रमांक 4 विषय क्रमांक 3 वर आहे, आणि मांडायला त्या मुलीला बोलावलंय.