हॅमंडला ‘सूर लावणं’ आता तरी बंद करा!

अमेरिकेतून कुणीतरी जुना हॅमंड ऑर्गन घेऊन येतं. इथं २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर जोडला जातो, ऑर्गन सुरू होतो आणि लगेच ओरड सुरू : “सगळे सूर उतरलेत, कुणी ट्यून करून देईल का?” मग कुणीतरी मागची फळी काढतं, आत स्क्रूंची लांबच लांब रांग दिसते आणि पेचकस फिरायला लागतो. एक धडधाकट वाद्य तिथंच बिघडतं. हे किती वेळा व्हायचं?

अहो, या वाद्यात सूर लावायला काही नाहीच! ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे नाट्यसंगीतातली पायपेटी डोळ्यांसमोर येते. तिच्यात पितळी सूर असतात, ते कानस लावून चढवता-उतरवता येतात. हॅमंडमध्ये ना भाता, ना पितळी सूर. लॉरेन्स हॅमंड हा विजेच्या घड्याळांचा कारखानदार. घड्याळाची मोटर विजेच्या ठोक्यावर चालते, त्याच तत्त्वावर त्यानं हा ऑर्गन बांधला. पेटंट १९३४ चं, पहिलं मॉडेल १९३५ चं. आत दातेरी लोखंडी चकत्या फिरतात, टोनव्हील म्हणतात त्यांना. मोठ्या कन्सोल मॉडेलांत सूर देणाऱ्या ९१. प्रत्येकीसमोर लोहचुंबकाची कांडी आणि तिच्यावर तारेचं वेटोळं. दाते समोरून जातात तेवढी कंपनं विजेत उमटतात. म्हणजे सूर ठरतो तो दात्यांच्या संख्येवर, गिअरवर आणि मोटरच्या वेगावर. आणि मोटरचा वेग ठरतो विजेच्या फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे सेकंदाला किती आवर्तनं (हर्ट्झ) त्यावर. व्होल्टेजवर नाही! हे एक वाक्य कितीदा सांगायचं?

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ जसेच्या तसे ठेवतो. ६० हर्ट्झवर मिनिटाला १२०० फेरे घेणारी मोटर इथं १००० च घेणार. पांढरी सहा (सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) दाबली की ४४० च्या जागी ३६६.७ हर्ट्झ निघतात. म्हणजे काळी तीन, आणि तीही थोडी उतरलेलीच. पांढरी एक दाबा, खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येईल. व्हायब्रेटोचा, म्हणजे सूर थरथरवणारा, स्कॅनर त्याच मोटरवर फिरतो, त्यामुळे तोही मंदावतो. “मग तीन पट्ट्या वर धरून वाजवा की” असं सांगणारे तर डोकंच फिरवतात. फरक पुऱ्या तीन स्वरांचा नाहीच, ३.१६ अर्धस्वरांचा आहे. ती उरलेली फट पेटीबरोबर वाजवून बघा. पेटीच्या काळी तीनशी सेकंदाला तीनेक ठोके घुमतात. कान असलेल्या माणसाला दोन मिनिटं बसवत नाही.

सरळ उपाय म्हणजे ६० हर्ट्झ देणारा फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर, तोही शुद्ध साइन वेव्हचा. घरातला दिवे जातात तेव्हाचा इन्व्हर्टर ५० हर्ट्झच देतो, त्याचा इथं काडीचा उपयोग नाही. चौकोनी वेव्हचा स्वस्त डबा लावलात तर मोटर गुणगुणते आणि तापते. घेताना ऑर्गनच्या पाटीवरचे वॅट बघा आणि त्याहून बराच जास्त क्षमतेचा घ्या, कारण सुरू होताना मोटर जास्त ओढते. आणि फक्त मोटरचंच दुखणं आहे असं समजू नका. ६० हर्ट्झचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला की त्याच्या गाभ्यावर २० टक्के जास्त ताण येतो, तो गरम होतो.

आता त्या स्क्रूंबद्दल. ती रांग म्हणजे चुंबकाच्या कांड्या जागेवर आवळून धरणारे स्क्रू. कांडी पुढं-मागं केली की त्या सुराचा फक्त आवाज लहान-मोठा होतो, उंची तसूभरही हलत नाही. कारखान्यात एकेक कांडी मीटर लावून बसवलेली असते. प्रत्येक सुराची पातळी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. ते एकदा हललं की मूळचे आकडे कुठून आणणार? आणि फिरत्या चकतीला कांडीचं टोक टेकलं तर टोकही गेलं आणि चकतीही.

दुसरा संताप तेलाचा. वर्षानुवर्षं बंद पडलेला ऑर्गन सुरू होत नाही, म्हणून लोक गंज सोडवायचा स्प्रे आत भसाभसा मारतात. कुणी पंख्याचं तेल घालतं. कुणी चक्क खोबरेल, जे २४ अंशांखाली थिजतं! जनरेटरवर, म्हणजे टोनव्हीलच्या अख्ख्या संचावर, दोन छोटी नरसाळी असतात. तिथून सुती दोरे तेल शोषत शोषत एकेका बेअरिंगपर्यंत नेतात. स्प्रेतला पातळ भाग उडून जातो आणि मागं उरलेला चिकटा त्या दोऱ्यांत बसतो. पुढं चांगलं तेल ओतलं तरी ते पोचत नाही. हॅमंडसाठी मिळणारं खास पातळ तेलच घाला, वर्षातून एकदा, नरसाळं अर्ध्याहून थोडं वर भरेल इतकं. मोटरची तेलाची वाटी विसरू नका. आणि थांबा हो! दोऱ्यांतून तेल झिरपायला दिवस लागतात, तास नाही. जखडलेल्या जनरेटरला आठवडाभर तेल पिऊ द्या, वीज काढून हातानं आस हळूहळू फिरवून बघा, आणि मग मोटर.

बी-३ सारख्या मॉडेलांना दोन बटणं असतात. स्टार्ट ८ सेकंद दाबून धरा, तो न सोडता रन चालू करा, आणखी ४ सेकंदांनी स्टार्ट सोडा. स्टार्ट सोडल्यावर वेग पडत असेल तर बहुतेक वेळा जुनं तेल घट्ट झालेलं असतं. त्यावर स्टार्टचं बटण दाबून ठेवून वाजवत बसायचं? स्टार्टची मोटर वेगळी असते, ती सतत चालण्यासाठी बनवलेलीच नाही.

“एक पट्टी वाजत नाही” म्हणून अख्खा कीबोर्ड उघडणाऱ्यांनी निदान पाच मिनिटं तपासावं. सगळे ड्रॉबार (कुठला सूर किती मिसळायचा ते ठरवणारे सरकते दांडे) आत ढकला, एकच ८ फुटाचा बाहेर काढा, मुकी पट्टी शोधा. मग तो बंद करून ४ फुटाचा काढा, तो एक सप्तक वरचा सूर देतो. आता बरोबर एक सप्तक खालची पट्टी मुकी झाली, तर सूर जनरेटरमध्येच मेलाय. चकती अडकलीय, कांडीची तार तुटलीय किंवा फिल्टर गेलाय. एका आसावर दोन चकत्या असतात, त्यामुळे आस अडकला तर त्याच नावाचा दुसऱ्या सप्तकातला सूरही गेलेला सापडेल. पण तीच पट्टी ८ ला मुकी आणि ४ ला बोलते, आणि ४ ला एक सप्तक खालची पट्टीही ठीक, तर दोष तिच्या ८ फुटाच्या संपर्काचा. एका पट्टीखाली नऊ संपर्क असतात, नऊ बसबारांना (धातूच्या लांब दांड्यांना) टेकणारे. खरखर असेल तर बहुतेक वेळा धूळ असते. बसबार किंचित सरकवण्याची सोय कारखान्यानंच दिलेली आहे, म्हणजे संपर्क नव्या स्वच्छ जागी टेकतात. ते न करता वरून कॉन्टॅक्ट क्लीनरची अख्खी बाटली ओतायची? घाण खाली वाहते आणि सगळ्या पट्ट्या खरखरतात.

साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या ऑर्गनांचं दुखणं वेगळं. आत लावलेला फोम सडून डांबरासारखा चिकट होतो आणि केसासारख्या बारीक रेझिस्टन्स वायर खाऊन टाकतो. आपल्या पावसाळी हवेत हे सोसत बसू नका. फोम दिसला की लाकडी काडीनं खरवडा, उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. वायर ओढू नका, हात लागला तरी तुटते.

कुठंही हात घालण्याआधी प्लग काढा, आणि प्लग काढला म्हणजे झालं असंही नाही. प्रीअँपमध्ये (आवाज वाढवणाऱ्या आतल्या भागात) ३०० व्होल्टच्या घरात डीसी असतो आणि कपॅसिटर तो धरून बसतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी लावून चार्ज उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच बोट. दोन पिनांची जुनी वायर असेल तर अर्थिंगसह तीन तारांची घाला.

आणि लेस्लीची, म्हणजे हॅमंडला जोडतात त्या फिरत्या भोंग्याच्या स्पीकरची, सहा पिनांची वायर बसली म्हणजे जुळली असं समजून ठोकून देऊ नका! १२२ आणि १४७ या दोन मॉडेलांचे प्लग सारखेच बसतात. १२२ मध्ये वेग बदलायचा हुकूम डीसीनं जातो, १४७ मध्ये त्यासाठी थेट मेन्सचे व्होल्ट पिनेवर असतात. चुकीची जोडी लावली की अँपचा धूर निघतो. आधी मागची पाटी वाचा, मग वायर उचला.