राजा सरकारला आवर घालतो? कधी आणि कुठे?

भाचीने वक्तृत्व स्पर्धेचं भाषण वाचायला दिलं. अकरावीतली मुलगी, फुलस्केपची दोन पानं, मुद्द्यांखाली पट्टीने ओढलेल्या रेघा. आणि तेच चार मुद्दे, जे पंधरा दिवस आमच्या घरच्या ग्रुपवर फिरताहेत: राजा असलेल्या लोकशाह्या सुखी असतात; राजा पक्षांच्या वर असल्याने भरकटलेल्या सरकारला वेळीच आवर घालतो; पर्यटनातून तो आपला खर्च भागवतो; नेपाळने राजा घालवला आणि देश बुडाला, म्हणून भारतालाही घटनात्मक राजा हवा. ग्रुपवर मी गप्प बसले, ते चुकलंच. आता पोरीच्या भाषणात आलंय, आता नाही गप्प बसणार.

पहिला मुद्दा. नॉर्वे, डेन्मार्क, जपान सुखवस्तू आहेत आणि तिथे राजे आहेत, खरं. पण घटनात्मक राजा आफ्रिकेतल्या लेसोथोतही आहे, आणि तिथली गरिबी हटलेली नाही. जागतिक आनंद अहवालात २०१८ ते २०२५ सलग पहिला आलेला फिनलंड तर प्रजासत्ताक आहे. पर्यटनाचं म्हणाल, तर फ्रान्समधला व्हर्सायचा राजवाडा बघायला लोक राजा नसतानाही जातात. आपल्याकडे म्हैसूरलाही जातात. ब्रिटनच्या राजाला २०२५-२६ साठी १३ कोटी २१ लाख पौंड सरकारी अनुदान आहे, आणि सुरक्षेचा खर्च त्यात धरलेलाच नाही.

खरा घातक आहे तो आवर घालण्याचा मुद्दा. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, ऐन धामधुमीत संसद पाच आठवडे बंद ठेवायचा सल्ला राणीला दिला. राणीने तो मान्य केला. तिला तो मान्य करावाच लागतो, घटनात्मक राजपदाचा अर्थच तो आहे. मग रोखलं कुणी? २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने. ही तहकुबी बेकायदा आहे आणि ती जाहीर करायला संसदेत आलेले राणीचे प्रतिनिधी जणू कोरा कागद घेऊन आले होते, असं निकालात म्हटलंय. दुसऱ्या दिवशी संसद भरली. राजाच्या भरवशावर राहणाऱ्याने हा निकाल एकदा तरी वाचावा.

आणि राजाने खरंच आवर घातला की काय होतं, ते नेपाळला विचारा. १९५९ च्या निवडणुकीत बी. पी. कोइराला यांच्या पक्षाने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या. पुढच्याच वर्षी डिसेंबरात राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त केलं आणि कोइरालांना तुरुंगात टाकलं, ते १९६८ पर्यंत. १९९० मध्ये लोकांनी लढून पुन्हा घटनात्मक राजेशाही आणली. १ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र टीव्हीवर आले, सरकार नालायक आहे म्हणून बरखास्त केलं आणि आणीबाणी लावली. देशभरातले फोन बंद झाले. नेपाळचे आजचे नेते धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. पण २००८ मध्ये राजेशाही गेली, ती ज्ञानेंद्रांनी घटना मोडली म्हणून. हे वगळून नेपाळचा इतिहास सांगणं म्हणजे पोरांना खोटं शिकवणं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. एप्रिल १९४० मध्ये हिटलरच्या फौजा नॉर्वेत घुसल्या आणि क्विसलिंग या तिथल्या नाझीधार्जिण्या पुढाऱ्याला पंतप्रधान नेमा, असा दबाव आला. राजे सातवे हाकोन मंत्रिमंडळाला म्हणाले, निर्णय तुमचा; पण तुम्ही होकार दिलात तर मी गादी सोडेन. सरकारने नकार दिला. मोठाच माणूस. पण त्यांनी सरकारवर हुकूम चालवला नाही, स्वतः बाजूला व्हायची तयारी दाखवली. १९०५ मध्ये गादीवर बसण्याआधीही त्यांनी लोकांचं मत घ्या असा आग्रह धरला होता, आणि तसं मतदान झालं.

भारताचं सांगायचं तर ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची केंद्राची शिफारस राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी फेरविचारासाठी परत पाठवली आणि सरकारने ती सोडून दिली. राज्यघटनेने दिलेला अधिकार त्यांनी वापरला. केरळातल्या उळवूरच्या गरीब दलित घरातला, मैलोन्‌मैल चालत शाळेत जाणारा हा मुलगा. राजाच्या देशात त्या खुर्चीवर तो कधी बसला असता?

भाचीची स्पर्धा शनिवारी आहे. दुसरा आणि चौथा मुद्दा तिने स्वतःच खोडला. हाकोन ठेवलाय, आणि नारायणन यांच्यासाठी तिसरं पान घेतलंय.