‘शिकून कोण श्रीमंत झालंय?’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

दर काही महिन्यांनी हा मेसेज नव्या फोटोसह पुन्हा फिरायला लागतो. मजकूर साधारण असा: ‘गेट्स, झुकरबर्ग, जॉब्स, तिघांनीही कॉलेज सोडलं. शाळा नोकर तयार करते, मालक नाही. टॉपर शेवटी बॅकबेंचरच्या कंपनीत कामाला लागतो. डिग्रीवर उधळता तो पैसा गुंतवा. चक्रवाढ व्याज हे जगातलं आठवं आश्चर्य आहे, असं आइन्स्टाइन म्हणून गेलाय. पैसा झोपेतही कमावता आला पाहिजे, आणि ते शाळा शिकवत नाही. गरिबी खिशात नसते, डोक्यात असते. म्हणूनच लॉटरी लागलेले 70 टक्के लोक पुन्हा कंगाल होतात.’ खाली अंगठ्यांचा पाऊस.

यातली जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धी आहे. गाळलेला अर्धा भाग काय, ते बघू.

सुरुवात त्या तिघांपासून, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यांच्यावरच उभा आहे. बिल गेट्स 1973 मध्ये हार्वर्डला गेला आणि 1975 मध्ये बाहेर पडला, हे खरं. पण त्याआधीची सात वर्षं मेसेजात नाहीत. सिएटलच्या ज्या खाजगी शाळेत तो शिकत होता, तिथे 1968 सालीच टेलिटाइप टर्मिनल, म्हणजे दूरच्या संगणकाला फोनलाइनने जोडलेलं टंकयंत्र, आलं होतं. मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंचा सेल भरवून त्यासाठी पैसे उभे केले होते. त्या काळात भल्याभल्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही संगणकाला हात लावायला मिळत नव्हता, आणि हा तेरा वर्षांचा मुलगा त्यावर प्रोग्रॅम लिहीत बसला होता. वडील नामांकित वकील. आणि ज्या उत्पादनावर मायक्रोसॉफ्ट उभी राहिली, ते अल्टेअर संगणकासाठीचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची भाषा), त्याने आणि पॉल अ‍ॅलनने हार्वर्डच्याच पीडीपी-10 संगणकावर तयार केलं. म्हणजे ‘कॉलेज सोडून कंपनी काढली’ यापेक्षा ‘कॉलेजचा संगणक वापरून माल तयार केला आणि मग कॉलेज सोडलं’ हे जास्त बरोबर. शिवाय सोडतानाही त्याने रीतसर रजा टाकली होती. धंदा बसला असता तर परत जाऊन वर्गात बसायची सोय होती.

झुकरबर्गचंही तसंच. वडील दंतवैद्य, आई मानसोपचारतज्ज्ञ, शाळेत असतानाच प्रोग्रॅमिंग शिकवायला घरी शिक्षक. फेब्रुवारी 2004 मध्ये फेसबुक सुरू झालं तेव्हा त्यात शिरायला हार्वर्डचाच ईमेल पत्ता लागायचा. त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नसता, तर पहिले वापरणारे कुठून आणले असते? जॉब्सने 1972 मध्ये रीड कॉलेजचं एकच सत्र केलं, पण नाव काढल्यावरही तो तिथल्या वर्गांत जाऊन बसत होता. सुलेखनाचा वर्ग हा त्याचा आवडता किस्सा. आणि जॉब्सच्या फोटोत कधीच न दिसणारा माणूस म्हणजे स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक. अ‍ॅपलचे सुरुवातीचे संगणक ज्याने प्रत्यक्ष रचले तो. कोट्यधीश झाल्यावर हा गृहस्थ टोपणनावाने पुन्हा बर्कली विद्यापीठात दाखल झाला आणि 1986 मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला. पैशासाठी त्याला तिची काडीचीही गरज नव्हती.

या माणसांकडून शिकायचंच असेल तर एक प्रश्न विचारावा: पडले असते तर किती खोल पडले असते? फार तर एक वर्ष वाया गेलं असतं. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं भाडं त्याच्या पगारावर अवलंबून आहे, त्याचा हिशेब पूर्ण वेगळा. मेसेज दोघांना एकच सल्ला देतो, आणि तिथेच तो निव्वळ चुकीचा न राहता घातक होतो.

‘टॉपर बॅकबेंचरकडे नोकरी करतो.’ ऐकायला गोड, कारण वर्गात मागच्या बाकावर बसणारे नेहमीच जास्त असतात. अ‍ॅमेझॉनचा जेफ बेझोस 1986 साली प्रिन्स्टनमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्र घेऊन बाहेर पडला. गुगलची मूळ कल्पना लॅरी पेज आणि सर्जी ब्रिन स्टॅनफर्डला पीएचडी करत असतानाच्या संशोधनातून निघाली. गुंतवणूकदार वॉरन बफे कोलंबिया विद्यापीठात गुंतवणूकशास्त्राच्या बेंजामिन ग्रॅहमच्या हाताखाली शिकला, 1951 मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. आता मीही तीन-चार नावांवर नियम बसवतोय म्हणाल, तर मोजणी घ्या. अमेरिकी जनगणना खात्याच्या नोंदींवरून पिअर अझुले आणि सहकाऱ्यांनी नव्या कंपन्यांच्या संस्थापकांची वयं काढली. सर्वात वेगाने वाढलेल्या, हजारात एक अशा कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीच्या वेळचं सरासरी वय 45 निघालं. हुडी घातलेला विशीतला मुलगा पोस्टरवर शोभतो. प्रत्यक्षात यशस्वी धंदे जास्त करून अशी माणसं काढतात, ज्यांनी त्याच क्षेत्रात आधी काही वर्षं दुसऱ्याकडे नोकरी केलेली असते. शाळेने ‘नोकर’ बनवलेली माणसं.

‘डिग्रीला किंमत नाही’ हा दावा जरा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यामागे एक खरी शंका आहे. शिकलेले लोक जास्त कमावतात हे सगळेच बघतात. पण ते शिक्षणामुळे, की मुळातच हुशार आणि बऱ्या घरातली मुलं जास्त शिकतात म्हणून? अर्थशास्त्रज्ञ या प्रश्नाशी कित्येक दशकं झगडले. त्यातला एक प्रयत्न मला फार आवडतो. ओहायो राज्यात ट्विन्सबर्ग नावाच्या गावी दरवर्षी जुळ्यांचा मेळावा भरतो. 1991 च्या उन्हाळ्यात अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशनफेल्टर आणि अ‍ॅलन क्रूगर आपली माणसं घेऊन तिथे पोहोचले. एकसारख्या दिसणाऱ्या भावांना, बहिणींना वेगवेगळं बसवून विचारलं: किती शिकलात, तासाला किती मिळतात? रक्त तेच, घर तेच, आईबाप तेच. फरक उरला तो शिक्षणाच्या वर्षांचा. पुढची शक्कल आणखी भारी. लोक स्वतःचं शिक्षण सांगताना चुकतात, थोडं वाढवूनही सांगतात. म्हणून प्रत्येकाला जुळ्या भावंडाचंही शिक्षण विचारलं आणि दोन्ही उत्तरं ताडून पाहिली. 1994 मध्ये निष्कर्ष छापून आले: शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे कमाई 12 ते 16 टक्क्यांनी जास्त. नंतर आणखी जोड्या घेऊन केलेल्या मोजणीत आकडा 10 टक्क्यांच्या आसपास उतरला, पण शून्याच्या जवळपासही गेला नाही. जगभरच्या अभ्यासांची सरासरीही एका वर्षामागे साधारण 9 टक्के येते.

यावर दुसऱ्या बाजूचं एक भक्कम उत्तर आहे, आणि ते मेसेज लिहिणाऱ्याला माहीत नसावं म्हणून मीच देतो. अर्थशास्त्रज्ञ मायकल स्पेन्सने 1973 मध्ये मांडलं की पदवीने माणूस काही शिकला नसला तरी ती मालकाला एक खूण पुरवते: हा माणूस कठीण काम चिकाटीने पुरं करू शकतो. या कामासाठी त्याला 2001 चं नोबेलही मिळालं. समजा, हे पूर्ण खरं आहे. मग तर कॉलेज अर्धवट सोडणं आणखी महागात पडेल, कारण खूण मिळते ती शेवट गाठल्यावर. 1987 च्या एका अभ्यासात तेच दिसलं: पदवी पूर्ण होते त्या वर्षाला कमाईत बसणारी उडी आधीच्या वर्षांपेक्षा मोठी. फी गेली, वर्षं गेली आणि हातात कागद नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. मेसेज नेमका तीच सुचवतो.

सगळ्या पदव्या सारख्या नाहीत, हे मान्य. सरासरी 9 टक्के म्हणजे कुणाला 20, कुणाला उणे. अवाच्या सवा फी घेणारी, शिकवायला धड कुणी नसलेली कॉलेजं आहेत, आणि कर्ज काढून तिथे जाणं हा तोट्याचा सौदा आहे. पण यातून निघणारा सल्ला ‘कॉलेज निवडताना डोळे उघडे ठेवा’ इतकाच.

आता आठवं आश्चर्य. आइन्स्टाइनच्या लिखाणात असं वाक्य कुठेही सापडत नाही. तेही जाऊ द्या, गणित बघू. 100 गुंतवले, वर्षाला 12 टक्के परतावा धरला, 30 वर्षांनी 2996 होतात. हा आकडा मेसेजात ठळक अक्षरांत असतो. आता फंडाचा आणि सल्लागाराचा मिळून दरवर्षी 2 टक्के खर्च धरा: 1745 उरतात. दोनच टक्के गेले असं वाटतं, पण शेवटच्या रकमेतला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा गेला. त्यात महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर त्या 1745 ची खरेदीशक्ती आजच्या 304 इतकी. तीस वर्षांत तिप्पट. वाईट मुळीच नाही, पण तीसपट म्हणून दाखवलं होतं ते हे.

दुसरं गणित जास्त महत्त्वाचं. दरवर्षी 100 टाकत गेलात तर त्याच 12 टक्क्यांनी 10 वर्षांनंतर सुमारे 1755 जमतात. त्यातले 1000 तुम्ही स्वतः टाकलेले असतात. पहिल्या दशकात व्याजापेक्षा तुमची शिल्लक टाकायची ऐपतच जास्त काम करते, आणि ती ऐपत कमाईतून येते. कमाई वाढवणारं शिक्षण सोडून फीचे पैसे बाजारात लावा म्हणणं म्हणजे विहीर न खणता पंप बसवणं.

‘झोपेत पैसा’ या प्रकरणावर फार वेळ घालवत नाही. हा मेसेज ज्यांच्या पेजवरून फिरतो, त्यातले बरेच जण पुढे ट्रेडिंगचा कोर्स विकतात; शिक्षण फुकट जातं सांगून शिक्षणच विकणं, हे धाडस मानलं पाहिजे. ब्राझीलमध्ये 2013 ते 2015 दरम्यान फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे) डे-ट्रेडिंग, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याचा व्यवहार, सुरू करणाऱ्यांचा माग काढला गेला. 300 पेक्षा जास्त दिवस चिकाटीने टिकलेल्यांपैकी 97 टक्के तोट्यात होते. सरावाने हात बसतो, ही समजूत इथे उलटी पडली.

शाळेत पैशाचं शिकवत नाहीत ही तक्रार रास्त आहे. पण ते शिकवलं की लोक श्रीमंत होतील, ही आशा फाजील. 2014 मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. आर्थिक साक्षरतेच्या वर्गांमुळे लोकांच्या पैशाच्या वागण्यातला जेमतेम 0.1 टक्का फरक समजावता आला, आणि तोही काळाबरोबर ओसरत गेला. नंतरच्या चाचण्यांत निकाल याहून बरे आले, विशेषतः निर्णयाच्या तोंडावर शिकवलं तर. कर्ज घ्यायच्या आदल्या आठवड्यात व्याजाचं गणित डोक्यात शिरतं. आठवीत ऐकलेलं तिशीत आठवत नाही.

उरला तो लॉटरीचा 70 टक्क्यांचा आकडा. तो अमेरिकेतल्या ‘नॅशनल एन्डोमेंट फॉर फायनान्शिअल एज्युकेशन’ या संस्थेच्या नावावर खपवला जायचा. शेवटी 2018 मध्ये त्या संस्थेलाच जाहीर करावं लागलं की या आकड्यामागे आमचं कसलंही संशोधन नाही. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात मध्यम बक्षिसं मिळालेल्यांची दिवाळखोरी दोन-तीन वर्षं पुढे ढकलली गेली, टळली नाही, असं दिसलं खरं. पण तिथेही दिवाळखोर झालेल्यांचं प्रमाण शेकडा एकेरी आकड्यातच होतं. स्वीडनमध्ये मोठ्या बक्षिसांच्या विजेत्यांना बऱ्याच वर्षांनी गाठून विचारलं, तर दहा वर्षं उलटून गेल्यावरही ते आपल्या आयुष्यावर जास्त समाधानी होते, पैशाच्या बाबतीत तर नक्कीच. पैसा हातात आल्यावर बहुतेक माणसं तो सांभाळतात.

आणि गरिबी खरंच डोक्यात असती, तर अमेरिकेतली एक मोजणी कशी समजून घ्यायची? अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी मुलांची तिशीतली कमाई त्यांच्या आईवडिलांच्या त्याच वयातल्या कमाईशी ताडून पाहिली. 1940 मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के आईवडिलांच्या पुढे गेले होते. 1980 च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण 50 टक्क्यांवर आलं. चाळीस वर्षांत डोकी इतकी बिघडली नव्हती. अर्थव्यवस्थेची वाढ मंदावली हे एक कारण निघालं, पण त्याहून मोठं कारण हे की झालेली वाढ पूर्वीपेक्षा खूप कमी घरांत वाटली गेली.