रिकामी धरणे, भरलेली धरणे

दर पावसाळ्यात आमच्या सांगलीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच पाढा सुरू होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 40 फुटांवर गेले की अलमट्टी, 45 वर गेले की पुन्हा अलमट्टी. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या या धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे मागे तुंबणाऱ्या पाण्यामुळे, सांगली बुडते असा हा आरोप. सप्टेंबर 2025मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने धरणाची पातळी 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्यासाठी बुडणाऱ्या जमिनींचा मोबदला ठरवला, तेव्हापासून तर विषय पेटलेलाच आहे. मी ओहायो राज्यात डेटनजवळ राहतो. इथून काही बोललो की 'तुला काय होतंय, तू तिकडं कोरड्यात' हे उत्तर ठरलेले. बरोबर आहे. पण हा कोरडेपणा पाच धरणांनी 1922पासून राखलेला आहे, आणि ती धरणे वर्षातले बहुतेक दिवस चक्क रिकामी असतात.

मार्च 1913मध्ये ईस्टरच्या सुमारास ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात तीन-चार दिवस पाऊस कोसळला. डेटनच्या बाजारपेठेत काही ठिकाणी 20 फूट पाणी चढले. खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांतच गावकऱ्यांनी 20 लाख डॉलरची वर्गणी कबूल केली. पुरात पोटमाळ्यावर बसून देवाला दिलेले वचन विसरू नका, अशी हाक तेव्हा शहरभर दिली गेली होती. काम आर्थर मॉर्गन या इंजिनिअरकडे गेले. त्याने नदीकाठच्या भिंती नुसत्या उंच करण्याऐवजी वरच्या अंगाला पाच मातीची धरणे सुचवली. आधार धरला तो 1913च्या पुराचा, आणि त्यावर आणखी 40 टक्के.

या धरणांना पूर सोडायचे दरवाजेच नाहीत. तळाशी काँक्रीटची मोकळी तोंडे आहेत. खालच्या शहरांना जेवढे पाणी झेपते तेवढेच त्यातून जाते. जास्तीचे मागे तुंबते आणि काही दिवसांत आपोआप उतरते. एरवी त्या 'जलाशयात' मका आणि सोयाबीन डोलत असतो. इंगलवूड धरणाच्या भरावावरून हमरस्ता जातो. पाहुण्यांना मुद्दाम सांगावे लागते की आपण धरणावर आहोत. आतापर्यंत दोन हजारांहून जास्त वेळा या धरणांनी पाणी अडवले आहे, आणि एकदाही 'विसर्ग कधी वाढवायचा' यावर बैठक बसली नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते हे. आपल्याकडे दरवाजापाशी माणूस असतो आणि त्या माणसावर दोन्हीकडून दाब असतो. कोयना 105 टीएमसीचे (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण. त्यातले 67.5 टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेकडे वळवायची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने दिलेली; बाकीच्यावर सिंचनाचा डोळा. समजा, कोणा अधिकाऱ्याने ऑगस्टअखेर पंधरा टीएमसी जागा पुरासाठी मोकळी ठेवली आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर चौकशी त्याची. उलट धरण भरून घेतले आणि मग पूर आला, तर दोष पावसाचा. मग कोण जागा मोकळी ठेवील? हा मोह काही आजचा नाही. 1908च्या मुसी नदीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांनी हैदराबादच्या वर तलाव बांधायला सांगितले ते पूर थोपवायला. पण उस्मानसागर आणि हिमायतसागर लोकांच्या तोंडी राहिले ते शहराची तहान भागवणारे तलाव म्हणून.

म्हणून अलमट्टीच्या उंचीवरच सारा जोर लावणे मला पटत नाही. फुगवट्याची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. सांगलीच्या खाली नदीला उतार जेमतेमच. पण 2019च्या पुरानंतरच्या वडनेरे समितीने मुख्य कारण अलमट्टी मानले नाही. अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणे याकडे बोट दाखवले. तो अहवाल सांगलीत अनेकांना मान्य नाही. असो. शेजाऱ्याच्या धरणावर आपला हुकूम चालत नाही, कोयना-वारणेवर चालतो. तरी बोलणे शेजाऱ्याचेच जास्त, कारण त्यात आपल्या कोणाच्या खिशाला हात लागत नाही.

आता दुसरी बाजू. डेटनचा नमुना उचलून कृष्णेवर ठेवता येणार नाही. इथला पूर चार दिवसांचा, आपला पावसाळा चार महिन्यांचा. धरणांखालचा मुक्त पाणलोटही मोठा. तिथे पडलेला पाऊस कोणत्याच भिंतीमागे अडत नाही. रिकामे ठेवायला नवे खोरे शोधायचे, तर तिथे गावे आहेत. इथेही एक गाव होते, ऑस्बोर्न. हफमन धरणामागे येत होते म्हणून त्याची शेकडो घरे अख्खीच्या अख्खी उचलून पलीकडे नेऊन ठेवली. कोयनेचे विस्थापित साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलन करतात. अशा राज्यात नव्या धरणाचे नाव कुठल्या तोंडाने काढायचे?

उचलण्यासारखे आहे ते हिशेबाचे. ओहायोने 1914मध्ये कायदा केला, 1915मध्ये खोऱ्याचे स्वतंत्र मंडळ उभे राहिले. वरच्या भागातले शेतकरी भयंकर चिडले होते: डेटन वाचवायला आमची शेते का बुडवता? प्रकरण कोर्टात गेले. तोडगा निघाला तो असा: ज्यांची जमीन अधूनमधून बुडणार त्यांना मोबदला, शेतीला मोकळीक, घर बांधायला कायमची बंदी, आणि तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च रोख्यांतून उभा करून ज्यांचे घर-दुकान वाचते त्यांच्याकडून वसूल. आजही इथल्या मालमत्तांवर त्याची आकारणी होते, आणि ती वाढणार म्हटल्यावर 2024मध्ये इथेही चांगलाच गदारोळ झाला. शंभर वर्षे पाणी न पाहिलेल्या माणसाला पैसे कशाचे ते कळत नाही.

सांगली-कोल्हापुरात असा हिशेब कोणी मांडलाच नाही. पूर कुठवर येतो ते दाखवणारी निळी-लाल पूररेषा नकाशावर आहे. तिच्या आतले प्लॉट विकले जातात. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना जागतिक बँकेच्या मदतीने येते आहे. जत-आटपाडीला पाणी मिळाले तर आनंदच. पण पूर लाखो क्युसेकने येतो, तो पंपाने उपसून संपत नाही. त्याआधी सरकारने एवढेच जाहीर करावे, की कोयना आणि वारणा धरणांत ऑगस्टअखेरपर्यंत किती जागा मोकळी राहील, सप्टेंबर कोरडा गेल्यास विजेचा आणि कालव्याखालच्या पिकांचा तोटा किती, आणि त्यातला वाटा पूररेषेतल्या बाजारपेठा, साखर कारखाने आणि महापालिका कसा उचलणार. आकडा मोठा असेल. 2005, 2019 आणि 2021च्या पंचनाम्यांची बेरीज शेजारी मांडली, की तो किती मोठा ते कळेल.