दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत

गाडी चालवायची असते हा गैरसमज आधी काढून टाका. गाडी सिग्नलला उभी करायची असते. एवढं एकदा मनाशी पक्कं झालं की गाडी बुटकी करून घ्यायचा खर्च जाणवत नाही.

तुमची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०. सीट ८०५ मिलिमीटरवर. थांबलात की चवडे टेकतात, टाचा अधांतरी. शेजारच्या ॲक्टिव्हावरचे काका दोन्ही तळवे डांबरावर सपाट ठेवून तुमच्याकडे बघतात. खरं तर ते सिग्नलचे उतरते आकडे बघत असतात, पण तुमची खात्री आहे की ते तुमच्या टाचाच बघतायत. डावा पाय टेकवायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा, एवढ्यावर असंख्य माणसं रोज आरामात थांबतात असं कुणी सांगू लागलं, तर विषय बदला. त्याच कंपनीची मीटिअर ३५० सीट ७६५ वर घेऊन येते, म्हणजे चाळीस मिलिमीटर फुकटात, असंही कुणीतरी म्हणेलच. त्या माणसाशी बोलणं सोडा.

जाड तळव्याचे बूट घेऊ नका. सीटवाल्याकडे जाऊन फोम थोडा कमी करून घेऊ नका, त्यात एका दुपारीच काम होऊन जातं. तुम्ही थेट गॅरेजमध्ये जा आणि म्हणा, ‘मागचे शॉकअप एक इंच बुटके टाका.’ मिस्त्री ‘होऊन जाईल साहेब’ म्हणेल. तो कधीच नाही म्हणत नाही. कुठल्या गाडीचे काढलेले आहेत, स्प्रिंग किती वजनाची आहे, असले प्रश्न विचारून त्याचा अपमान करू नका. वरचा बुश आणि खालचा बोल्ट बसला की शॉकअप बसला.

आता सिग्नलला या आणि टाचा टेकवा. अजून थोड्या अधांतरीच आहेत? साहजिक आहे. शॉकअप चाकाजवळ, तुम्ही दोन चाकांच्या मध्ये कुठेतरी. मागून इंचभर उतरवलं की तुमच्या वाट्याला त्यातला काही भागच येतो. म्हणून जाणकार दीड इंचाने सुरुवात करतात.

बाकी सगळ्याच्या वाट्याला मात्र पुरेपूर येतं. दोन चाकांमधलं अंतर १३९० मिलिमीटर; मागून पंचवीस मिलिमीटर खाली बसवलं की अख्खी गाडी साधारण एक अंशाने मान वर करते. एक अंश म्हणजे काहीच नाही. पंचवीस मीटरवर हेडलाइटचा झोत फक्त दीड फूट वर जातो, म्हणजे रस्त्यावरचा खड्डा अंधारात आणि समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे उजेडात. पुढचे फोर्क आणखी तिरके झाल्यामुळे हँडल वळायला आळस करतं. पुढच्या फोर्कचे पाइपही टी मधून, म्हणजे हँडलखालच्या त्यांना धरणाऱ्या जोडातून, तेवढेच वर सरकवावेत, असं काही अतिशहाणे सुचवतात. ऐकू नका, त्याने गाडी पुन्हा समतोल होईल आणि केल्यासारखं काही दिसणार नाही.

साइड स्टँडचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. तो पार्किंगमध्ये पडेल, उजवीकडे, शेजारच्या गाडीवर. गाडी बसली, स्टँड तेवढाच राहिला, त्यामुळे ती आता कलत नाही, ताठ उभी राहते, आणि वाऱ्याची झुळूक किंवा चार वर्षांचं पोर तिला पलीकडे लोटायला पुरतं. यावर उपाय वेल्डिंगवाल्याकडे आहे: स्टँड कापून जोडायचा. तो बरोबर मापात कापेल, दुसऱ्या खेपेला. मेन स्टँडची गंमत वेगळी. आता गाडी पूर्वीपेक्षा जास्त उचलावी लागते, आणि ती १९५ किलोची आहे. जिम लावली असेल तर बंद करायला हरकत नाही.

चेन? तिचा ताण चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, कोनावर ठरतो, आणि कोन तुम्ही बदललाय. खडखड ऐकू आली तर हेल्मेट नीट घाला.

आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने तो दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर उतरता असतो. असा गतिरोधक तुमच्या पाहण्यात आला तर फोटो काढून ठेवा. आपल्याकडचे गतिरोधक अपघातानंतरच्या रात्री, उरलेल्या डांबरात, रागाच्या भरात होतात. त्यांच्यावर कंपनीने गाडीच्या पोटाखाली ठेवलेली १७० मिलिमीटरची पोकळी कशीबशी पुरायची. आता मेन स्टँडचा पाय आधी टेकेल. टाचा टेकायच्या होत्या ना? काहीतरी टेकलं.

मागे आईला बसवून गावी निघालात तर हे आणखी खुलतं. बुटक्या शॉकअपला खाली जायला जागाच थोडी. स्प्रिंग मऊ असेल तर प्रत्येक खड्ड्यात मागचं टायर मडगार्डला भेटून येईल. कडक असेल तर तोच खड्डा आईच्या माकडहाडाला भेटेल. ती काही बोलणार नाही. परतीला एसटीने येते म्हणेल.

कायद्याची भीती बाळगू नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-ए नव्याने लिहिलं: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शॉकअप त्यात बसतो की नाही, यावर हवालदाराशी भर चौकात, दोन्ही टाचा टेकवून वाद घाला. बोलता बोलता कापलेल्या स्टँडकडे बोट दाखवू नका म्हणजे झालं. विम्याच्या माणसाला तर काहीच दाखवू नका.

जुने शॉकअप तेवढे भंगारात देऊ नका. पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा. दोन पावसाळ्यांनी ते काढून पुन्हा बसवायचे, स्टँड दुसरा शोधायचा आणि जाहिरात टाकायची: ‘अर्जंट विकणे आहे, सिंगल ओनर, शोरूम कंडिशन, काहीही बदल केलेला नाही.’