हे श्रीखंड नाही

सॅलड खाऊन कुणी जाड झाल्याचं मी ऐकलेलं नाही. जे काही होतं ते त्यावरच्या पांढऱ्यामुळे. हे मी बरेच दिवस नुसतंच बोलून दाखवत होते आणि घरात नेहमीप्रमाणे कुणी मनावर घेत नव्हतं. पुरावा सापडला तो लेकीच्या सॅलड ड्रेसिंगच्या बाटलीच्या पाठीवर. बारीक अक्षरं, तीही चकचकीत कागदावर, म्हणजे उजेडात धरावं तर मजकूर गायब आणि ट्यूबलाइट तेवढी दिसते.

लेक हल्ली रात्री जेवत नाही, ‘बाउल’ खाते. आइसबर्ग लेट्यूस, काकडी, ढोबळी मिरची, उकडलेले छोले असा तो बाउल, आणि त्यावर बाटली उलटी धरून तिच्या बुडावर चापट्या. पोळीला तुपाचं बोट लागलेलं दिसलं तर पोळी परत पाठवणारी ही मुलगी बाटलीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेत नाही.

पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त, ते आधी. बाटलीवर पहिलं नाव रिफाइंड तेलाचं होतं. मग पाणी, मग साखर. पुढच्या बाजूला ज्याचं टपोरं चित्र छापलं होतं तो लसूण पार तळाला, कसल्या कसल्या नंबरांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. पण खरी मेख सर्व्हिंगमध्ये. एक सर्व्हिंग १५ ग्रॅम. म्हणजे एक मोठा चमचा, तोही सपाट. मी भाजणीसाठी घेतलेला वजनकाटा काढला, त्यावर बाउल ठेवला आणि लेकीला म्हटलं, “रोज ओततेस तसं ओत.” आकडा साठ ग्रॅमच्या पुढे गेला. असल्या दाट ड्रेसिंगचा चमचाभर म्हणजे सत्तर ते शंभर कॅलरी. चारने गुणा. तीन पोळ्या तर तिने न चावताच खाल्ल्या होत्या.

“आई, पण हे रँच आहे,” ती म्हणाली. जणू त्यामुळे तेलाचा गुणधर्म बदलतो.

मग मी रँच नावाच्या या ड्रेसिंगची कुंडली काढली. स्टीव्ह हेन्सन नावाचा एक गृहस्थ अलास्कात प्लंबिंगची कामं करायचा आणि तिथल्या कामगारांना रांधूनही घालायचा. तिथे त्याला हे मिश्रण जमलं. पुढे १९५०च्या दशकात त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जागा घेतली, तिचं नाव ठेवलं हिडन व्हॅली रँच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना ते वाढायला लागला. मेयोनेज, ताक, लसूण, कांदा आणि थोडा हिरवा पाला. पाहुणे बरण्या भरून न्यायला लागले, मग त्याने मसाल्याच्या पुड्या टपालाने पाठवायला सुरुवात केली. १९७२ साली हा सगळा कारभार ऐंशी लाख डॉलरना क्लोरॉक्सने विकत घेतला. क्लोरॉक्स म्हणजे ब्लीचवाले. कपडे पांढरे करणाऱ्यांकडे सॅलड पांढरं करण्याचं खातंही आलं.

त्यातल्या हिरव्या पाल्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. बाटलीतल्या थेंबभर ड्रेसिंगमध्ये हिरवे ठिपके दिसत होते. मी ते बोटावर घेतले, चोळले आणि हुंगले. शेपू! बालवाडीपासून शेपूची भाजी असली की जी मुलगी नाकाला रुमाल लावून घरात वावरते, जिने एकदा शेपूच्या वासावरून शेजारच्यांकडे जेवायला जायची धमकी दिली होती, ती रोज रात्री पैसे मोजून शेपू खात होती. मी चकार शब्द काढला नाही. अशी माहिती लगेच खर्च करायची नसते.

घरीच करायचं ठरवलं, तेव्हा पहिली सूचना आली ती घरगुती मेयोनेजची. त्यात एक अडचण अशी की मेयोनेज घरात केलं काय आणि कारखान्यात केलं काय, वजनाने पाऊण हिस्सा तेलच असतं. अंड्यातला पिवळा बलक तेलाच्या बारीक थेंबांना पाण्यात धरून ठेवतो, एवढीच त्यातली कारागिरी. दुसरं म्हणजे कच्चं अंडं. तेलंगणने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली ती विषबाधेच्या धोक्यामुळेच. आणि तिसरं, आमच्याकडे सोमवार, गुरुवार, चतुर्थी आणि सासूबाईंना ऐन वेळी आठवणारा कुठलाही वार वगळून अंडं चालतं. उरलेल्या दिवशी लेक बाहेर जेवते.

काजू भिजवून वाटायचे, हा प्रकार व्हिडिओंमध्ये फार बोकाळला आहे. पांढरंशुभ्र, मखमली, ‘गिल्ट-फ्री’. शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशे कॅलरी असतात. गिल्ट जाते ती हिशेब न केल्यामुळे.

म्हणून दही. आता तुम्ही म्हणणार, मग कोशिंबीरच की! आमच्या सोसायटीतल्या यच्चयावत बायका हेच म्हणाल्या. तर नाही. काकडी चोचवली, मीठ घातलं की पाणी सुटतं, ते पाणी दह्यात उतरतं, कूट ते थोडं पितं आणि उरलेलं भातावर येतं. कोशिंबिरीची सगळी मजा त्या पाण्यात आहे. ड्रेसिंगचं काम उलटं. त्याने पानाला चिकटून राहायचं. नुसतं दही लेट्यूसवर घातलं तर पानावरून घसरतं आणि बाउलच्या तळाशी ताक जमा होतं. वर लिंबू आणि मीठ पडलं की आणखी फुटतं. चिकटायचं तर पाणी काढायला हवं. म्हणजे चक्का.

टोन्ड दुधाचं अर्धा लिटर दही विरजलं, धुवट पंचात बांधलं आणि रात्री सिंकच्या नळाला टांगलं. खाली पातेलं. निवळी टप टप पडायला लागली आणि मी झोपले.

सकाळी उठले तर स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास. सासूबाई न्हाऊन, केस बांधून, ओट्यापाशी उभ्या. पुरणयंत्र माळ्यावरून खाली आलेलं. केशर कोमट दुधात पडलेलं. चक्का आणि साखर समसमान, आणि वर जायफळ.

“आई, हे काय?”

“अगं, तू चक्का टांगलास, म्हटलं पुढचं मी करते. पाडवा नाही, दसरा नाही, पण तुला वाटलं असेल.”

सासूबाईंचं वय ७८. गुडघ्यांमुळे एरवी त्या ओट्यापाशी दहा मिनिटं उभ्या राहत नाहीत. त्या यंत्रातून चक्का फिरवून फिरवून काढत होत्या आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की ड्रेसिंग हा शब्द उच्चारण्याची माझी छाती झाली नाही. नवऱ्याने ऑफिसला जाताजाता दोन वाट्या हाणल्या. माझ्या पौष्टिक आहाराच्या मोहिमेचा शुभारंभ पाव किलो साखरेने झाला.

पुढच्या वेळी मी पुरचुंडी चाळणीत ठेवली, चाळणी पातेल्यावर, वर झाकण आणि सगळं फ्रिजमध्ये. एक तर आमच्या डोंबिवलीच्या हवेत बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत दात आंबवतं. शिवाय झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली: ‘हे श्रीखंड नाही’. नवऱ्याने ती वाचली आणि झाकण उघडून विचारलं, “मग आम्रखंड आहे का?”

चक्का छान उतरला. घट्ट, पांढरा, बोटाने उचलला तर टोक उभं राहील असा. आता त्यात पाणी घालायचं. इथे सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली.

“रात्रभर पाणी काढलंस ना?”

“हो.”

“आणि आता परत घालणार?”

“दोन चमचे. तीच निवळी.”

“मग दोन चमचे कमी काढायची.”

याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं. आधी सगळं पाणी काढून मग हवं तेवढं परत घातलं की दाटपणा आपल्या हातात राहतो. मी ते दिलंही. पण बोलता बोलता ते मलाच पटेनासं झालं, तेव्हा मी विषय मोहरीकडे वळवला.

बाटलीतलं मस्टर्ड आणायचं नाही, मोहरी घरीच फेसायची, हा माझा हट्ट. लोणच्याला फेसतो तशी. मोहरीची पूड, थोडं गार पाणी आणि दगडी खलात बत्त्याने घोटणं. कोरड्या पुडीला काही वास नसतो; पाणी लागलं आणि घोटायला घेतलं की मिनिटा-दोन मिनिटांत ती अशी काही उसळी मारते की थेट कपाळात जाते. खल नाकाखाली धरून “झाली का गं?” असं विचारायला आलेला नवरा उत्तर न ऐकता गॅलरीत गेला. तिच्यावर लिंबू पिळलं की तिखटपणा तिथेच थांबतो, पुढे चढत नाही. मोहरी फक्त झणका देत नाही, तेल आणि पाणी यांची सोयरीकही ती जमवते. अंड्याचं काम थोडंफार तिच्याकडून होतं. लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून आधीच लिंबाच्या रसात घालून ठेवल्या होत्या. त्याने कच्च्या लसणाचा उग्रपणा मरतो, आणि शेजारच्या खुर्चीवरची लेक ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा चालू ठेवू शकते.

मिक्सर वापरायचा नाही. मिक्सरमध्ये फिरवला की चक्का पातळ होतो आणि रात्रभराचं तप निवळीत जातं. मी वाडग्यात हातानेच फेटलं. चक्का, मोहरी, लिंबू-लसूण, मिरपूड, मीठ, निवळी आणि सगळ्यात शेवटी मूठभर कोवळा शेपू, अगदी बारीक चिरून.

“हिरवं काय आहे?” लेकीने स्क्रीनवरून मान न हलवता विचारलं.

“हर्ब्स.”

“नाइस.”

एक चमचा तेलही घातलं. अजिबात तेल नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. टोमॅटो, गाजर, हिरवा पाला यांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं अंगी लागायला थोडा स्निग्धांश लागतोच. आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा तेल असतं, तेच घातलं. ऑलिव्ह ऑइल महाग असतं, पण कॅलरी दोघांत सारख्याच, मोठ्या चमचाभरात १२०. हे सगळं मी मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुढे जे घडलं त्याची ही पूर्वतयारी ठरली.

हिशेब झकास बसला होता. चमचाभर ड्रेसिंगला फार तर वीस-पंचवीस कॅलरी. पानाला चिकटत होतं. चवीला आंबट, तिखट, थोडं नाकात जाणारं. मी वाडगा टेबलावर ठेवला, तेवढ्यात बेल वाजली. गॅसवाला. सिलिंडर, वजन, ओटीपी, सुटे पैसे.

परत आले तर चाखणं चालू होतं. नवऱ्याचं मत पडलं की चव खुलायला चिमूटभर साखर हवी. आमच्या घराण्याची चिमूट चार बोटांची आहे. लेकीला ‘क्रीमी फील’ कमी वाटला, म्हणून तिने चीजचा अख्खा क्यूब किसला होता. साय कुणी घातली हे विचारण्यात अर्थ नव्हता. सायीचं भांडं सासूबाईंच्या कोपराशी होतं. “कोरडं लागत होतं गं,” एवढंच त्या म्हणाल्या. आणि गॅसवर कढल्यात तूप तापत होतं.

“आई, फोडणी नको. तेल घातलंय.”

“तूच म्हणालीस ना, स्निग्ध असल्याशिवाय अंगी लागत नाही?”

जिरं तडतडलं, हिंग फुलला आणि दोन चमचे साजूक तूप चर्रकन माझ्या ड्रेसिंगवर उतरलं. वास, खरं सांगते, इतका सुंदर आला की निषेधाचं वाक्य मी अर्ध्यावर सोडलं.

लेकीने फोनवरच्या अ‍ॅपमध्ये नोंद करायला घेतली. त्यात फोडणी सापडेना. तिने ‘रायता, प्लेन’ निवडलं, १५ ग्रॅम लिहिलं आणि समाधानाने फोन खाली ठेवला. मी मनातल्या मनात बेरीज केली. साय, चीज, साखर, तूप. आकडा बाटलीच्या जवळ जायला लागला तेव्हा मी बेरीज करणं थांबवलं.

खपलं मात्र सगळं. त्या संध्याकाळी नवरा कोपऱ्यावरून बटाटेवडे घेऊन आला आणि म्हणाला, “ते पांढरं आण.” वड्यांना लावून झालं, मग सकाळच्या थालीपिठाचे तुकडे निघाले, मग लेकीने पोळीची सुरळी करून वाडगा पुसला. पोळी! मी लगेच हुकमाचं पान टाकलं. “शेपू होता त्यात.” ती क्षणभर थांबली, वाडग्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाजारातला शेपू वेगळा असतो का?” म्हणजे ते पानही वाया गेलं.

वाया न जाणारी एकच गोष्ट उरली होती. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आइसबर्गचे दोन गड्डे आठवडाभर पडून होते. ड्रेसिंगच्या नादात सॅलड कुणी खाल्लंच नव्हतं. बाहेरची पानं कडेने तांबूस झाली होती. सासूबाईंनी गड्डा हातात घेतला, दाबला, एक पान तोडून चावलं आणि विचारलं, “ह्याची पीठ पेरून होईल का गं?”

होते. मोहरी, हिंग, हळद, हिरवी मिरची जरा सढळ. पाणी मात्र फार सुटतं, त्यामुळे बेसन नेहमीपेक्षा जास्त लागतं. आणि तेल.